ताबुताचा मान, यात्रेतलं दुकान आणि भाड्याचं घर

येरळाकाठी:

मोहरम झाला की आमच्या कडेगावच्या ताबुतांचे व्हिडिओ फिरायला लागतात. यंदाही तेच, प्रत्येक ग्रुपवर. बांबूचे अष्टकोनी ताबूत, उंची शंभर फुटांच्या वर, लोकांच्या खांद्यांवरून डुलत येतात आणि मैदानात त्यांच्या भेटी होतात. काही ताबूत हिंदू घरांचे. कुणाचा पहिला, कुणी आधी उचलायचा, हा सगळा मान पिढ्यानपिढ्या ठरलेला. बांधायची रीतही उफराटी, आधी कळस आणि मग पाया. आणि व्हिडिओखाली कुणीतरी लिहितंच, 'हाच खरा महाराष्ट्र!'

मी त्याच तालुक्यातला. ताबुताला खांदा दिलेला आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण हे 'हाच खरा' वाचलं की हल्ली चिडचिड होते. कारण आमच्याच जिल्ह्यात वाळवा तालुक्यात गोटखिंडी आहे, जिथे १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. बकरी ईद गणपतीच्या दिवसांत आली तेव्हा तिथल्या मुसलमानांनी नमाज पढला, कुर्बानी दिली नाही. आणि आमच्याच जिल्ह्यात मिरजही आहे. २००९ चा गणेशोत्सव, कमानीवरचं अफजलखान वधाचं चित्र, मग दगडफेक, आणि सांगली-इचलकरंजीपर्यंत पोचलेली दंगल. मैलांचा हिशेब केला तर हे सगळं एका एसटीच्या टप्प्यात येतं. यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं?

माझं मत असं झालंय, की गावातला जुना सलोखा हा प्रेमाबिमाचा मामला नव्हता. ती कामाची बांधणी होती. मुलाणी, अत्तार, बागवान, तांबोळी, मणेर, शिकलगार, पिंजारी, नालबंद. गादी भरायची तर पिंजारी लागायचा, लग्नात बांगड्या भरायला मणेर, जत्रेत बकरं कापायला मुलाणी. त्याचा वाटा ठरलेला, तो दिल्याशिवाय मटण शिजत नसे. म्हणजे मुसलमानाला गावात जागा होती, पण ती त्याच्या कामाची जागा होती, आणि ती गावाने 'दिलेली' होती. आता गादी दुकानातून येते, बैलच नाहीत तर नालबंद कशाला हवा. आणि २०२५ च्या मार्चमध्ये तर हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी 'मल्हार प्रमाणपत्र' निघालं. मुलाण्याचं शेवटचं कामही आता वादात.

मढीचं उदाहरण घ्या. पाथर्डी तालुका, कानिफनाथांची समाधी, भटक्या-विमुक्तांची मोठी यात्रा. याच कानिफनाथांना मुसलमान भक्त शाह रमजान माही सवार म्हणून मानत आले. २०२५ च्या फेब्रुवारीत ग्रामसभेने ठराव केला की मुसलमान व्यापाऱ्यांना यात्रेत दुकानं लावू द्यायची नाहीत. प्रशासनाने तो ठराव बेकायदा ठरवला, ती गोष्ट वेगळी. पण ग्रामसभेला तो करावासा वाटला आणि करताना आपण काही चूक करतोय असं वाटलं नाही. ज्या गावाने मान दिला, ते गाव मान काढूनही घेऊ शकतं. हे ताबुतालाही लागू आहे, दुकानालाही.

आता मूळ मुद्दा. माझा पुण्यात एक फ्लॅट आहे, रिकामा होता. ओळखीतले एक प्राध्यापक आणि त्यांची बायको बघून गेले, आवडला, अनामत रक्कम ठरली. नाव मुसलमानी. दोन दिवसांत कमिटीतून फोन, "साहेब, आपल्याकडे आतापर्यंत तसं कुणी नाही." तसं म्हणजे कसं, हे विचारलं तर "तुम्हाला कळतंय की." सोसायटीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, कारण सगळीकडे तेच आहे. हेच लोक ताबुताचे व्हिडिओ फॉरवर्ड करतात. ढोंगीपणा म्हणून नाही हो, मनापासून करतात.

तर मला जाणून घ्यायचंय: एकत्र सण करण्याच्या आपल्या परंपरेचा, एकत्र राहण्यासाठी काही उपयोग होतो का?

तिरकस टिंब:

आला, शीरखुर्मा-फराळ धागा आला. द्विशतकी होणार, पन्नासाव्या प्रतिसादाला औरंगजेब, शंभराव्याला कुलूप. मी जागा धरून बसतो.

दाभोळची खाडी:

टिंबराव, बसा. आम्हाला मात्र या धाग्यावरून उठून घरी जायची सोय नाही.

येरळाकाठी, लेख आवडला पण एक हरकत. तुमचा मुलाणी-मणेर-पिंजारी हा देशावरचा मुसलमान. आम्ही कोकणातले. आमच्याकडे मुसलमान खोत होते, जमीनदार होते, बोटीवर जाणारे होते. माझे पणजोबा गलबतावर, आजोबा आफ्रिकेत, वडील कुवेतला. गावाने दिलेल्या कामावर आमचं कुणाचं काही अडलेलं नव्हतं. तरी घरची भाषा मराठीच, म्हणजे तुम्हाला ऐकून हसू येईल अशी कोकणी मराठी. त्यामुळे 'बलुतं गेलं म्हणून सलोखा गेला' हे सूत्र सगळीकडे बसत नाही.

भाड्याच्या घराबद्दल. ठाण्यात मी आणि नवऱ्याने जे शोधलं ते सांगते. कुणीही, कधीही, 'मुसलमानाला देत नाही' असं म्हटलं नाही. एजंट म्हणतो, "ओनर शाकाहारी आहेत." आम्ही म्हटलं, ठीक, घरात मासे करणार नाही. (दाभोळच्या माणसाने हे म्हणणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही.) मग म्हणतो, "फॅमिलीलाच द्यायचंय." आम्ही फॅमिलीच आहोत. मग "ओनरच्या भावाला लागणार आहे." अडीच महिन्यांनी तो फ्लॅट साइटवर तसाच. नकार इतका सभ्य असतो की भांडायलाही काही हाताला लागत नाही.

शेवटी कुठे मिळालं, ओळखा. मुंब्र्यात. ९२-९३ नंतर मुंबईतून जी माणसं तिकडे गेली त्यांना तरी दंगलीची भीती होती. आम्ही २०१९ साली गेलो, ऑफिसात सगळे मित्र असताना. आणि मग तेच मित्र विचारतात, "तुम्ही लोक एकाच ठिकाणी का राहता?"

सत्य कडवं:

ताईंचा अनुभव वाईटच आहे, त्याचं समर्थन नाही. पण एवढ्या लांब लेखात हमीद दलवाईंचं नाव एकदाही का नाही? १८ एप्रिल १९६६, सात मुसलमान बायकांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेणारा माणूस. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा, ही मागणी. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ. १९७७ साली गेले तेव्हा पन्नाशीही आली नव्हती. त्यांना समाजाने काय दिलं? शिव्या आणि दगड. पुढे १९८५ चा, तलाक दिलेल्या बाईला पोटगी देणारा शाहबानो निकाल आला आणि १९८६ साली संसदेत तो कुणाच्या दबावाखाली फिरवला? बहुधार्मिक समाजात राहायचं तर दोन्हीकडून हालचाल हवी. तुमच्या लेखात सगळी हालचाल सोसायटीच्या कमिटीने करायची आहे.

आणि दुसरं, मुसलमानांची वस्ती वाढली की काय होतं याची भीती लोकांना उगाच वाटते का?

दाभोळची खाडी:

दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, आमच्या शेजारचेच म्हणायचे. घरात त्यांचं नाव निघालं की आजी तोंड फिरवायची आणि वडील त्यांचं लिखाण आणून वाचायचे. तेव्हा दलवाई मला शिकवू नका. मला तर त्यांच्यावरून आजीशीही भांडता येतं आणि तुमच्याशीही.

त्यांनी मुसलमानांना झोडपलं, पुरेपूर झोडपलं. पण त्यांची मागणी एक होती, धर्म कुठलाही असो, माणूस आधी नागरिक. मुस्लिम जातीयवादाशी लढायचं तर हिंदूंतला आधुनिक, उदारमतवादी वर्ग भक्कम हवा, हेही त्यांचंच म्हणणं होतं. तो अर्धा भाग कुणी आठवत नाही. २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने तोंडी तलाक रद्द केला, २०१९ ला कायदा आला. मी पेढे वाटले. त्या वर्षीच मी ठाण्यात घर शोधत होते. एजंटने विचारलं नाही की तुम्ही तोंडी तलाकच्या बाजूच्या की विरुद्धच्या.

सुधारणा करा, मग घर देऊ, असा सौदा असेल तर सांगा. आणि तोच सौदा बाकीच्यांनाही लावा.

आकडेमोड:

भीतीचा विषय निघालाय म्हणून. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान ११.५४ टक्के, साधारण १ कोटी ३० लाख. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी १० आमदार. लोकसंख्येच्या हिशेबाने तेहतीसेक व्हायला हवेत. २०२४ च्या लोकसभेत राज्यातून एकही मुसलमान खासदार नाही. मुख्यमंत्री आजवर एकच, बॅरिस्टर अंतुले, १९८० ते ८२. मुसलमानांच्या स्थितीवरचा केंद्राच्या सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. राज्याने स्वतःची महमूदुर रहमान समिती २००८ साली नेमली, तिचा अहवाल २०१३ साली आला. २०१४ साली ५ टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला, हायकोर्टाने नोकऱ्यांतलं रोखलं पण शिक्षणातलं चालू ठेवायला मुभा दिली, आणि पुढे त्या वटहुकुमाचा कायदाच झाला नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. पिंजारी, बागवान, तांबोळी वगैरेंना ओबीसीत धरायचं काम महाराष्ट्रात बरंच आधी झालं, जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांची मुस्लिम ओबीसी चळवळ. दिलीपकुमार त्यासाठी सभा घेत फिरले होते. १९९४ साली सरकारी निर्णय झाला. ही मागणी 'मुसलमान' म्हणून नव्हती, व्यवसायाची जात म्हणून होती. म्हणजे येरळाकाठी म्हणतात ती जुनी कामाची यादी, तिचा एक तरी आधुनिक उपयोग झाला.

मिरज जंक्शन:

आमच्या गावाचं नाव दंगलीच्या यादीत टाकून लेखक पुढे गेले, म्हणून लिहितो.

२००९ मी बघितलंय. संचारबंदीत घरात बसून बघितलंय. जे झालं ते झालं, लपवायचं कारण नाही. पण मिरज म्हणजे मिरासाहेबांचा दर्गा, आणि उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे, ते १९३७ साली गेले, तेव्हापासून दर्ग्यात त्यांच्या स्मृतीत संगीतसभा होते. चिंचेच्या झाडाखाली बसून मोठमोठे गवई गाऊन गेले. बिदागी मागायची नाही, हजेरी लावायची.

आणि सतारमेकर गल्ली. हे मूळचे शिकलगार, हत्यारं घासणारे. संस्थानी काळात हत्यारांचं काम आटलं, ते तंबोरे-सतारींकडे वळले. दीडशेवर वर्षं झाली. पंढरपूरकडचा भोपळा, लाकूड, हस्तिदंती दिसावं असं नक्षीकाम, मग जवारी, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासायचं काम. देशातल्या कुठल्या गवयाकडे मिरजेचा तंबोरा नाही? २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. येरळाकाठी म्हणतात कामाची बांधणी गेली. गेलेली नाही. नालबंद गेला, जवारी लावणारा आहे. जिथे काम बदलून टिकलं तिथे दंगलीनंतरही गिऱ्हाईक आठवड्यात परत आलं. आपल्या गवय्याला तंबोरा हवाच असतो हो, त्याला संचारबंदी संपायची वाट बघावी लागली एवढंच.

म्हणून मी उलटं म्हणेन. मान-हक्क हे वकिलांनी बघावं. गावाला एकमेकांची गरज असली की पुरे.

येरळाकाठी:

मिरजकर, यादीत टाकून पुढे गेलो हे बरोबर, पण तंबोऱ्याचं उदाहरण तुमच्या मुद्द्याविरुद्धच जातंय. ज्याच्या हातात तंबोरा करायची कला आहे त्याची गरज राहणार. ज्याच्या हातात नाही, जो प्राध्यापक आहे, किंवा बेकार आहे, किंवा रिक्षा चालवतो, त्याचं काय? त्यानेही आधी उपयोगी पडून दाखवायचं? मी उपयोगी आहे का, हे मला पुण्यात घर घेताना कुणी विचारलं नव्हतं.

आमच्यापासून जवळच पुसेसावळी आहे, खटाव तालुक्यात. सप्टेंबर २०२३, इन्स्टाग्रामच्या एका पोस्टवरून जमाव, प्रार्थनास्थळात घुसून मारहाण, एका तरुणाचा जीव गेला. त्या गावातही बाजार होता, दुकानं होती, एकमेकांची उधारी होती. त्या रात्री उधारी आडवी आली नाही.

संपादक:

वरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. विषय सोडून व्यक्तिगत बोललं तर धागा वाचनमात्र होईल.

तिरकस टिंब:

औरंगजेब ठरल्या वेळेआधी आला होता वाटतं. संपादकांनी गाठला.

अकोला पॅसेंजर:

विदर्भातलं एक भर घालतो. पातूर, अकोला जिल्हा. तिथल्या नगर परिषदेच्या इमारतीच्या पाटीवर मराठीत नाव आणि खाली उर्दूत. नगर परिषद १९५६ ची, तेव्हापासून उर्दू वापरात आहे. एका माजी नगरसेविकेने आक्षेप घेतला, पाटी फक्त मराठीत हवी. जिल्हाधिकारी, आयुक्त, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट असं प्रकरण चढत गेलं. मधे २०२२ चा राजभाषेचा कायदा आला, त्याचाही आधार घेतला. १५ एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मराठी आहे ना, मग सोबत उर्दूला कायद्याने बंदी नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीत जन्मली, हेही निकालात आहे.

मला त्यातलं विशेष हे वाटलं की पाटी वाचायला कुणाला त्रास नव्हता. माझा मामा पातूरला, त्याला उर्दू येत नाही, तो आयुष्यभर वरची ओळ वाचून आत गेला आणि दाखला घेऊन आला. शेजारी रांगेत उभा असलेला खालची ओळ वाचून आत गेला. भांडण पाटीवर कुणाकुणाला जागा आहे याचं होतं. आणि हा 'गावाने दिलेला' मान नव्हे, नगर परिषदेने केलेली सोय होती, म्हणून तर कोर्टात टिकली. मढीतही ठराव उडाला तो कायद्यामुळेच.

सत्य कडवं:

म्हणजे सगळं कोर्टावर आलं. मग समाज कशाला म्हणायचं? रोज उठून कोर्टात जाऊन शेजारी मिळवणार का?

मी विरोधासाठी विरोध करत नाहीये. माझ्या चाळीत दोन मुसलमान कुटुंबं होती, कधी काही झालं नाही. पण बॉम्बस्फोट झाले, लोकल फुटल्या, तेव्हापासून माणसाच्या मनात जे बसलंय ते कायद्याने निघत नाही. ते निघायला समोरून विश्वास मिळायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

दाभोळची खाडी:

११ जुलै २००६ ला माझा मामेभाऊ पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये होता. पुढच्या डब्यात फुटला म्हणून वाचला. त्याने विश्वास कुणाला द्यायचा?

लेस्टरचा वारकरी:

बाहेरून एक नोंद. मी सतरा वर्षं इंग्लंडात. इथे आपण अल्पसंख्य, त्यामुळे दुसऱ्या बाजूने चव घेतली आहे. १९६० च्या दशकात इथे घरांच्या खिडक्यांत पाट्या असत, काळ्यांना खोली नाही म्हणून, आणि त्या 'काळ्यां'त आपणही मोजले जायचो. १९६५ साली वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला, त्यात घरं नव्हती. १९६८ साली घरं आली. धर्माचं संरक्षण तर २००० नंतर, आता ते समानता कायदा २०१० मध्ये आहे. कायद्याने मनं बदलली का? सगळी नाही. पण पाटी गेली, आणि पाटी गेल्यावर वाढलेल्या पिढीला ती होती हे सांगावं लागतं.

अर्थात आपले लोक इथे येऊन काय करतात तेही बघितलं. सप्टेंबर २०२२, क्रिकेटच्या मॅचनंतर याच शहरात हिंदू आणि मुसलमान पोरं रस्त्यावर समोरासमोर. अर्ध्याहून जास्त अफवा मोबाइलवरून. गोरे शेजारी बघत उभे, त्यांना कोण कुठला तेही कळेना. घरमालकाकडून समान वागणूक हवी म्हणून इथे कायदा वापरणारे आपलेच काही लोक पुण्यातल्या फ्लॅटसाठी एजंटला फोनवर 'बघून द्या हं' सांगतात. हे मी माझ्या बैठकीच्या खोलीत ऐकलंय.

वकिलाचा झगा:

मिरज जंक्शननी हक्क वकिलांवर ढकललेत, तेव्हा लिहिणं भाग आहे.

संविधानाचं कलम १५ (१) सरकारला बांधतं, खाजगी माणसाला नाही. १५ (२) खाजगी माणसालाही लागू आहे, पण त्यात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, रस्ते. भाड्याचं घर त्यात शब्दशः नाही. विहीर आहे, कारण १९५० साली डोळ्यांसमोर महाडचं चवदार तळं होतं. फ्लॅटचा प्रश्न तेव्हा असा समोर नव्हता. त्यातच २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की सहकारी संस्था आपल्या उपविधीत सदस्यत्व एका धर्मसमुदायापुरतं ठेवू शकते. त्या निकालावर आजही वकील मंडळी भांडतात.

पण याचा अर्थ येरळाकाठींच्या कमिटीला काहीही करता येतं असा नाही. त्यांची सोसायटी कुठल्या समुदायासाठी नोंदलेली नाही, साधी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सदस्यत्व खुलं आहे, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. अर्ज करून तीन महिन्यांत काही कळवलं नाही तर कलम २२ प्रमाणे तो सदस्य झाला असं मानतात. हे विकत घेणाऱ्याचं. भाडेकरूचं आणखी सोपं. आदर्श उपविधी बघा, भाडेकरू ठेवायला संस्थेची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवावं लागतं. बिगर-भोगवटा शुल्कही, म्हणजे स्वतः न राहणाऱ्या मालकाकडून घेतात ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. कमिटीचा फोन म्हणजे शेजाऱ्याचा फोन, आदेश नव्हे.

तेव्हा कायद्यातली खरी भोकं दोनच: घरमालकाने स्वतःच नाकारलं तर काही करता येत नाही, आणि समुदायाच्या सोसायट्या. येरळाकाठी, तुम्ही मालक आहात आणि तुमची तयारी आहे. मग अडलंय कुठे?

येरळाकाठी:

अडलं होतं माझ्या भिडस्तपणात, ते सोडलं. झगासाहेबांचं वाचून कमिटीला लेखी कळवलं की अमुक तारखेपासून भाडेकरू येत आहेत. उत्तर आलं नाही, म्हणजे अडवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. मग प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "सर, कोंढव्यात बघितलंय आम्ही, टोकन दिलंय." कोंढवा म्हणजे पुण्यातलं मुंब्राच. मी म्हटलं, आता कुणी अडवत नाहीये. म्हणाले, "अडवत नाहीत हो, पण लिफ्टमध्ये रोज त्यांनाच भेटायचंय. बायको दिवसभर घरी एकटी असते." पुढे काही बोलणं झालं नाही, त्यांनी कडेगावच्या ताबुतांचं विचारलं, यंदा येणार होते बघायला, जमलं नाही म्हणाले.

मिरज जंक्शन, तुमचा गरजेचा मुद्दा आणि झगासाहेबांचा हक्काचा, दोन्ही माझ्याजवळ होते. दोन्ही असूनही तो माणूस कोंढव्यात गेला.

मिरज जंक्शन:

कारण उशीर झाला ना तुम्हाला. कमिटीचा फोन आला त्याच दिवशी तुम्ही त्यांना घेऊन सोसायटीत चहा प्यायला गेला असता, दोन घरी ओळख करून दिली असती, तर वेगळं झालं असतं. कागद पाठवून शेजार होत नाही.

दाभोळची खाडी:

चहाला गेलो की बायका मला विचारतात, "तुमच्यात बुरखा नाही का?" मी नाही म्हटलं की खूश होतात. ज्या घेतात त्या माझ्या दोन जावा आहेत, त्यांना कुठल्या चहाला न्यायचं? मला ओळख करून दिल्याशिवायचं घर हवंय. येरळाकाठींना पुण्यात मिळालं तसं.

तिरकस टिंब:

खाडीताई, हे वाचून थट्टा सुचत नाहीये, नोंद घ्यावी.

येरळाकाठी, फ्लॅट रिकामाच आहे ना अजून? पुढचा माणूस येईल, आणि फोनही येईल. वार्षिक सभेत विषयच का मांडत नाही, 'भाडेकरूंबाबत संस्थेचं धोरण'? बोलू देत सगळ्यांना सगळ्यांच्या तोंडावर, आणि इतिवृत्तात लिहू देत. 'तुम्हाला कळतंय की' हे वाक्य इतिवृत्तात कसं लिहितात ते मला बघायचंय.

वकिलाचा झगा:

चांगली सूचना. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस १४ दिवस आधी निघते, ती निघायच्या आत सचिवांना विषय लेखी द्या, पोच घ्या. ऐनवेळच्या विषयांत टाकला तर तो चर्चेवरच संपतो. मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

येरळाकाठी:

व्यनि केलाय. खाडीताई, मसुदा तुम्हालाही पाठवतो, एकदा नजर टाका. 'धर्म' शब्द घालायचा की नाही यावर झगासाहेब आणि माझं एकमत नाही.

दाभोळची खाडी:

पाठवा. घालायचा.